एक शिलिंग चार पेन्स

1750 साली जॉन जेन नावाचा एक फिरता प्रचारक वारला. अंगावरचे कपडे, मोजे, टोपी, केसांचा टोप असे त्याचे सगळे सामान विकले, तरी अंत्यविधीचा एक पौंड सतरा शिलिंग तीन पेन्स एवढा खर्च त्यातून निघेल असे कोणाला वाटेना. रोकड निघाली एक शिलिंग चार पेन्स. त्याच वर्षी काही महिने आधी हा माणूस ब्रिस्टलहून पायी निघून वेल्सच्या टोकाला असलेल्या होलीहेड बंदरात पोचला होता. निघताना खिशात तीन शिलिंग होते. वाटेत सातांपैकी सहा रात्री अनोळखी माणसांनी त्याला घरात घेतले, आणि बंदरात आला तेव्हा एक पेनी उरली होती. मेथडिस्ट चळवळीचा पुढारी जॉन वेस्ली याने या दोन्ही गोष्टी आपल्या रोजनिशीत टिपून ठेवल्या आहेत. मागे बायकोपोरे नसलेल्या सुवार्तिकाने एवढेच ठेवून जावे, ते पुरेसे आहे, असे त्याचे मत होते.

मेथडिझम या ख्रिस्ती चळवळीची ओळख करून देताना बहुतेक लेखक वेस्लीपासून सुरुवात करतात, आणि त्यांचे फारसे चुकते असेही नाही. पण पुढच्या पानांत ज्यांच्या कथा येणार आहेत ते पाथरवट, बेकर, चांभार, शिपाई आणि काही स्त्रिया. विद्यापीठ त्यांनी पाहिलेले नव्हते आणि धर्मगुरूची दीक्षा त्यांना कोणी दिलेली नव्हती. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये देवाच्या नावाने चारचौघांत बोलण्याचा अधिकार ज्यांना नव्हता, ते बोलू लागले. ते का बोलू लागले, कोणी बोलू दिले आणि पुढे कोणी पुन्हा गप्प केले, हा माझ्या दृष्टीने या चळवळीचा गाभा आहे. म्हणून ही प्रस्तावना वेस्लीच्याही आधी, त्याच्या आईच्या स्वयंपाकघरापासून सुरू करतो.

लिंकनशायर परगण्यातल्या एपवर्थ गावी सॅम्युएल वेस्ली हा चर्च ऑफ इंग्लंडचा धर्मगुरू होता. सुझॅना ही त्याची पत्नी. तिला एकोणीस मुले झाली आणि त्यांतली निम्मी लहानपणीच गेली. जॉनचा जन्म 1703 चा, चार्ल्सचा 1707 चा. 1709 च्या फेब्रुवारीत घराला आग लागली तेव्हा पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला होता. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर उभे राहून त्याला खिडकीतून काढले. आपण कशासाठी तरी वाचलो, ही भावना त्याला जन्मभर सोडून गेली नाही. पण या घरातली मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट 1712 च्या सुमाराची आहे. सॅम्युएल कामानिमित्त लंडनला गेला होता. मागे राहिलेला दुय्यम धर्मगुरू सुझॅनाच्या मनास येईना, म्हणून ती रविवारी संध्याकाळी आपल्या मुलांना आणि नोकरांना स्वयंपाकघरात बसवून प्रार्थना म्हणू लागली, छापील प्रवचने वाचून दाखवू लागली. शेजारी आले, त्यांचे शेजारी आले, आणि जमाव दोनशेच्या घरात गेला. दुय्यम धर्मगुरूने लंडनला तक्रार धाडली. नवऱ्याने पत्रातून नापसंती कळवली. सुझॅनाचे उत्तर असे होते की नुसती इच्छा कळवू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे देवापुढे या लोकांचा हिशेब द्यायची वेळ येईल तेव्हा दोष माझ्या माथी राहणार नाही. हुकूम आला नाही. जॉन त्या वेळी आठ वर्षांचा होता आणि त्याच स्वयंपाकघरात बसलेला असे.

ऑक्सफर्डची हकिगत बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते, म्हणून थोडक्यात सांगतो. 1729 च्या सुमारास चार्ल्सने काही मित्र जमवले. ते ठरल्या वेळी प्रार्थना करत, उपास धरत, प्रभूभोजन चुकवत नसत. पुढच्या वर्षापासून ते किल्ल्यातल्या तुरुंगात कैद्यांना भेटू लागले. जॉन त्यांचा पुढारी झाला. इतर विद्यार्थी त्यांची टर उडवत, आणि त्यांच्या या काटेकोर पद्धतीवरून मेथडिस्ट हे टोपणनाव पडले. चिडवण्यासाठी दिलेले नाव पुढे जगभरच्या लाखो कुटुंबांनी अभिमानाने लावले. त्याच मंडळात ग्लॉस्टरच्या बेल खाणावळीत वाढलेला, श्रीमंत विद्यार्थ्यांची चाकरी करून शिकणारा जॉर्ज व्हाइटफील्ड होता. 1735 मध्ये दोघे वेस्ली भाऊ अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत गेले. जहाज वादळात सापडले तेव्हा मोरेव्हियन पंथाची जर्मन कुटुंबे शांतपणे गीते गात राहिली आणि जॉनला मात्र मरणाचे भय वाटले. वसाहतीतले काम फसले. 1738 च्या सुरुवातीला तो खचून परतला.

त्या वर्षी 24 मे रोजी, रात्री नऊला पाव तास कमी असताना, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या बैठकीत त्याचे मन पालटले. तिथे कोणी प्रवचन देत नव्हते. मार्टिन ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना कोणीतरी मोठ्याने वाचत होते. ऐकता ऐकता त्याला आतून ऊब आल्यासारखे वाटले आणि ख्रिस्ताने आपलीही पापे दूर केली आहेत असा भरवसा आला. मेथडिस्ट मंडळ्या हा दिवस आजही पाळतात. एका प्रस्तावनेच्या वाचनाने एवढे घडू शकते, हे प्रस्तावना लिहायला बसलेल्या माणसाने नम्रपणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण त्या ऊबेला घराबाहेर काढले व्हाइटफील्डने. ब्रिस्टलजवळ किंग्जवूड नावाचा कोळसाखाणींचा भाग होता. इंग्लंडमधल्या पॅरिशांची, म्हणजे चर्चच्या हद्दींची, आखणी शेतीवाल्या खेड्यांसाठी शतकांपूर्वी झालेली होती. खाणी आणि कारखाने जिथे वाढले तिथे माणसे होती, पण जवळ चर्च नव्हते. 17 फेब्रुवारी 1739 रोजी व्हाइटफील्ड तिथे उघड्यावर उभा राहिला आणि खाणकामगारांशी बोलला. पहिल्या दिवशी दोनशेच्या आसपास माणसे होती, पुढच्या काही आठवड्यांत हजारो. काजळीने काळ्या झालेल्या गालांवरून अश्रूंचे पांढरे ओघळ उतरताना त्याने पाहिले. त्याला अमेरिकेला जायचे होते, म्हणून त्याने वेस्लीला बोलावून घेतले. वेस्ली मनातून अवघडला होता. चर्चच्या भिंतींबाहेर माणसाचे तारण होणे हेच त्याला आजवर जवळजवळ पाप वाटत आले होते. तरी 2 एप्रिल 1739 रोजी ब्रिस्टलच्या कडेला, विटांसाठी माती काढलेल्या जागी, उंचवट्यावर उभा राहून तो सुमारे तीन हजार लोकांपुढे बोलला. त्याची उंची जेमतेम सव्वापाच फूट होती. त्या दिवसापासून पुढची पन्नासहून अधिक वर्षे तो उघड्यावर बोलत राहिला. तो पहाटे चारला उठे आणि कामगारांना पाळीवर जाण्याआधी ऐकता यावे म्हणून पाचला प्रवचन करी.

व्हाइटफील्डविषयी एक गोष्ट लपवू नये. आवाजाच्या बळावर तो वेस्लीपेक्षा मोठा वक्ता होता. बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात मागे मागे चालत जाऊन त्याचा आवाज कुठवर पोचतो याचे माप घेतले होते. त्याने अटलांटिक तेरा वेळा ओलांडला आणि 1770 मध्ये अमेरिकेतच देह ठेवला. पण जॉर्जियातल्या आपल्या अनाथालयासाठी त्याने गुलामगिरीला कायदेशीर परवानगी मिळावी म्हणून खटपट केली आणि स्वतः गुलाम बाळगले. वेस्लीने 1774 मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि मरणाच्या सहा दिवस आधी खासदार विल्यम विल्बरफोर्सला पत्र लिहून त्या लढ्यासाठी बळ दिले. दोघे एकाच चळवळीचे जनक आहेत, आणि या बाबतीत माझा कौल निःसंदिग्धपणे वेस्लीच्या बाजूने आहे. दोघांचा मतभेद मात्र वेगळ्याच प्रश्नावरून झाला. देवाची कृपा निवडलेल्यांसाठी की सर्वांसाठी? वेस्ली म्हणे सर्वांसाठी. कोळसा खणणाऱ्या माणसाला हे उत्तर काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

गर्दी जमवणे व्हाइटफील्डलाही येत होते. गर्दीतून मंडळी उभी करणे वेस्लीला साधले, आणि त्याची किल्ली सापडली ती कर्जाच्या हिशेबात. ब्रिस्टलमध्ये मेथडिस्टांनी न्यू रूम नावाची इमारत बांधायला घेतली होती आणि तिच्यावर कर्ज होते. 15 फेब्रुवारी 1742 रोजी त्यावर बैठक बसली. फॉय नावाच्या कॅप्टनने सुचवले की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणी म्हणाले, गरिबांनी कुठून द्यावी? त्यावर तो उत्तरला की सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरेन. बाराबारांचे गट पाडले गेले. गटप्रमुख पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागले तेव्हा त्यांना दिसले की इथे दारू चालू आहे, तिथे नवराबायकोचे भांडण आहे, अमक्याकडे पोर आजारी आहे. वेस्लीच्या लक्षात आले की आपण हेच शोधत होतो. पेनीचा गट हाच क्लास झाला. आठवड्याला एकत्र बसायचे, कसे चालले आहे ते एकमेकांना सांगायचे. दर तीन महिन्यांनी सभासदत्वाचे तिकीट मिळे, वागणे बिघडले तर मिळत नसे. ज्या माणसाला आयुष्यात कोणी तुझे कसे चालले आहे म्हणून विचारले नव्हते, त्याला दर आठवड्याला अकरा जणांपुढे उत्तर द्यावे लागे. बोलायला शिकण्याची ही शाळा होती. या शाळेतून प्रचारक निघाले.

पहिला मोठा प्रश्न टॉमस मॅक्सफील्डने उभा केला. लंडनमध्ये मूरफिल्ड्सजवळ तोफा ओतायचा एक जुना, स्फोटाने मोडकळीस आलेला कारखाना वेस्लीने घेतला होता. त्याला फाउंड्री म्हणत. वेस्ली बाहेरगावी असताना मॅक्सफील्डने तिथे प्रार्थनेपुरते न थांबता प्रवचनच द्यायला सुरुवात केली. दीक्षा नसलेला माणूस प्रवचन देतो, हे ऐकून वेस्ली तातडीने परतला. परंपरेने अशी हकिगत सांगतात की दारातच म्हाताऱ्या सुझॅनाने त्याला अडवले आणि बजावले: या तरुणाबाबत जपून वाग, त्यालाही तुझ्याइतकेच देवाने बोलावले आहे, आधी ऐक, मग ठरव. त्याने ऐकले आणि मान तुकवली. एपवर्थच्या स्वयंपाकघरात जे सुरू झाले होते ते इथे नियम बनले. सुझॅना 1742 मध्ये वारली. त्याच वर्षी वेस्ली एपवर्थला गेला, तेव्हा गावच्या चर्चमध्ये त्याला बोलू दिले नाही. तो बाहेर दफनभूमीत बापाच्या थडग्यावर उभा राहिला आणि रोज संध्याकाळी तिथूनच बोलला.

जॉन नेल्सन हा यॉर्कशायरच्या बर्स्टल गावचा पाथरवट. लंडनमध्ये सरकारी खजिन्याच्या इमारतीवर दगड घडवायचे काम त्याला होते. 1739 मध्ये मूरफिल्ड्सला त्याने वेस्लीचे ऐकले. पुढे मुकादम म्हणाला की राजाचे काम आहे, रविवारीही यावे लागेल. नेल्सनने नकार दिला. काम गेले तरी चालेल म्हणाला. त्याचे काम गेले नाही, उलट इतरांचीही रविवारची पाळी बंद झाली. गावी परतल्यावर शेजारी विचारायला येत, हा दारात बसून उत्तरे देई, आणि बघता बघता ते प्रवचन होई. 1743 मध्ये तो वेस्लीबरोबर कॉर्नवॉलमध्ये हिंडला. दोघे आठवडेच्या आठवडे जमिनीवर निजत. वेस्लीच्या उशाला नेल्सनचा डगला, नेल्सनच्या उशाला नव्या करारावरचा टीकाग्रंथ. एका पहाटे वेस्लीने त्याला थोपटून सांगितले की एका कुशीचे कातडे गेले असले तरी दुसरी अजून शाबूत आहे. जेवायला कोणी बोलवत नसे, तेव्हा रस्त्याकडेच्या झुडपांवरची ब्लॅकबेरी खाऊन दिवस निभे.

पुढच्या वर्षी गावच्या धर्मगुरूने आणि दारूविक्रेत्यांनी संगनमत करून नेल्सनला सक्तीने सैन्यात भरती करवले. ब्रॅडफर्डमध्ये त्याला ज्या कोठडीत टाकले तिच्या वरच कत्तलखाना होता. रक्त आणि घाण खाली झिरपत असे. लेडी हंटिंग्डन या सरदार घराण्यातल्या मेथडिस्ट बाईने रदबदली केल्यावर काही महिन्यांनी तो सुटला. त्याच्याबरोबर धरलेला टॉमस बेअर्ड सुटला नाही. हात कापावा लागला आणि तो न्यूकासलच्या इस्पितळात वारला. दगडफेकीचा पहिला बळी आधीच पडला होता. व्हाइटफील्डचा सोबती विल्यम सुअर्ड 1740 मध्ये वेल्सच्या सीमेवरच्या ‘हे’ नावाच्या गावी दगड लागून मेला. या जमावांमागे पुष्कळदा जमीनदार आणि धर्मगुरूच असत. मजूर माणूस वरिष्ठांची परवानगी न घेता बोलतो, हे त्यांना खपत नव्हते.

बाकीच्यांच्या कथा पुढे सविस्तर येतीलच, काहींची नुसती ओळख करून देतो. टॉमस ऑलिव्हर्स हा वेल्सचा चांभार, उडाणटप्पू. मन पालटल्यावर पहिले काम त्याने केले ते गावोगाव फिरून जुनी उधारी फेडण्याचे. लंडनच्या ज्यू प्रार्थनामंदिरात ऐकलेल्या चालीवर त्याने लिहिलेले गीत आजही गायले जाते. वेस्लीने त्याला आपल्या मासिकाच्या कामावर ठेवले, आणि मुद्रणातल्या चुका असह्य झाल्या म्हणून 1789 मध्ये काढूनही टाकले. तरी ऑलिव्हर्सला मूठमाती मिळाली ती वेस्लीच्याच थडग्यात. टॉमस वॉल्श हा आयर्लंडचा. त्याने आयरिश भाषेत रस्त्यांवर प्रवचने केली, हिब्रू शिकला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी झिजून मेला. सायलस टोल्डने तरुणपणी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर खलाशी म्हणून काम केले होते. पुढे तो लंडनच्या न्यूगेट तुरुंगात फाशीच्या कैद्यांजवळ बसे आणि गाडीतून त्यांच्यासोबत टायबर्नच्या वधस्तंभापर्यंत जाई. अलेक्झांडर मॅदर हा बेकर. प्रचारक व्हायला निघाला तेव्हा त्याने विचारले की माझ्या बायकोने खायचे काय? आठवड्याला चार शिलिंग ही त्याची मागणी आधी नाकारली गेली, नंतर मान्य झाली. प्रचारकांच्या बायकांना भत्ता मिळण्याची सुरुवात तिथून झाली. अविवाहित प्रचारकाला वर्षाला बारा पौंड मिळत, तेही 1752 नंतर.

एवढ्यावर वेस्लीची अपेक्षा किती असावी? 1746 मध्ये देशाची सात सर्किटे, म्हणजे प्रचारकांच्या फेरीचे टापू, पाडली गेली. एक प्रचारक एका ठिकाणी फार दिवस ठेवत नसत. दिवसाचे पाच तास वाचन करावे, असा वेस्लीचा दंडक होता. वाचनाची गोडी नाही म्हणणाऱ्याला तो सांगे की गोडी लावून घे, नाहीतर आपल्या धंद्याला परत जा. त्यांच्यासाठी त्याने पन्नास खंडांची ग्रंथमाला काढली. प्रचारकाच्या खोगिराच्या पिशवीत विकायची पुस्तके असत आणि ती खाणकामगारांच्या झोपड्यांत पोचत. फाउंड्रीत 1746 पासून बिनव्याजी छोटी कर्जे मिळत आणि औषधे दिली जात. या शिस्तीत हुकूमशाही होती, हे मान्य केले पाहिजे. कोणी कुठे जायचे ते वेस्लीच ठरवी आणि त्याच्याशी वाद घालणारे फार टिकत नसत. पण निरक्षरतेच्या काठावरच्या माणसाकडून रोज पाच तासांच्या वाचनाची अपेक्षा करणे, हा मला त्याचा मोठा मान वाटतो.

या शिस्तीला गाणे जोडले चार्ल्सने. त्याने सहा हजारांहून अधिक गीते लिहिली. वाचता न येणाऱ्यांचे धर्मशास्त्र त्या गीतांतच होते.

स्त्रियांचा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. 1761 मध्ये सारा क्रॉसबी डर्बीला क्लास घ्यायला गेली. तीसेक माणसे येतील असा अंदाज होता, दोनशेच्या आसपास आली. प्रत्येकाशी वेगळे बोलणे शक्य नव्हते, म्हणून ती सगळ्यांपुढे उभी राहून बोलली आणि मग घाबरून वेस्लीला कळवले. तू मर्यादा ओलांडलेली नाहीस, असे त्याने उत्तर दिले. दहा वर्षांनी मेरी बोसँकेटने स्त्रियांच्या बोलण्याच्या बाजूने शास्त्राधार देऊन वेस्लीला पत्र लिहिले आणि काही जणींना असाधारण पाचारण असते हे त्याने मान्य केले. 1787 मध्ये सारा मॅलेटला प्रचारकांच्या वार्षिक सभेने, म्हणजे कॉन्फरन्सने, रीतसर परवानगी दिली. सुझॅनाच्या मुलाने एवढे तरी करायलाच हवे होते.

वेस्ली 2 मार्च 1791 रोजी लंडनमध्ये वारला, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. ब्रिटनमध्ये तेव्हा बहात्तर हजारांच्या आसपास सभासद आणि सुमारे तीनशे फिरते प्रचारक होते. चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटायचे नाही असे तो अखेरपर्यंत म्हणत राहिला. मात्र 1784 मध्ये अमेरिकेसाठी प्रचारकांना त्याने स्वतःच धर्मगुरूची दीक्षा दिली तेव्हा, चार्ल्सने दुःखाने ओळखले तसे, फूट पडलेलीच होती. पुढे मंडळी प्रतिष्ठित झाली आणि प्रतिष्ठेबरोबर भीती आली. 1803 च्या कॉन्फरन्सने स्त्रियांचे प्रवचन जवळजवळ बंद केले. असाधारण पाचारण असेलच तर तिने फक्त स्त्रियांपुढे बोलावे, असे ठरले. 1807 मध्ये माउ कॉप टेकडीवर दिवसभराची उघड्यावरची सभा भरवणाऱ्या ह्यू बोर्न या सुताराला पुढे संघटनेतून काढले. उघड्यावर जन्मलेल्या चळवळीने उघड्यावर बोलणाऱ्याला काढावे, हे मला आजही वाचवत नाही.

या माणसांनी इंग्लंडचे काय केले, यावर इतिहासकार भांडत आले आहेत. फ्रेंच इतिहासकार एली अलेव्हीने मेथडिझममुळे इंग्लंडात फ्रान्ससारखी क्रांती टळली असे मांडले. ई. पी. थॉम्प्सनने 1963 मध्ये मजुरांच्या मनाला कारखान्याच्या शिस्तीचे जू याच धर्माने लावले असा आरोप केला. आरोपात तथ्य आहे. पण 1834 मध्ये शेतमजुरांची संघटना बांधल्याबद्दल ज्यांना ऑस्ट्रेलियात हद्दपार केले, त्या टोलपडलच्या सहा जणांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट प्रचारकच होता. सभा कशी चालवावी, वर्गणी कशी जमवावी, उभे राहून कसे बोलावे, हे तो क्लासमध्येच शिकला होता.

या चळवळीचा एक धागा आपल्याकडेही आला, जरा वळसा घेऊन, अमेरिकेमार्गे. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर 1871 मध्ये मुंबईत आला आणि त्याने घरोघरी क्लास सुरू केले. मुंबईतच आयुष्य काढलेला मिशनरी जॉर्ज बोवेन त्याला येऊन मिळाला. कुलाब्याचे बोवेन मेमोरियल चर्च त्याच्या नावाचे आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात काम केलेली मिनी अब्रम्स मुंबईला आली ती मेथडिस्ट मिशनतर्फेच. मराठी मेथडिस्ट कुटुंबांत सर्किट आणि कॉन्फरन्स हे शब्द अजून रुळलेले आहेत. त्या शब्दांमागची पायपीट या पानांत आहे.

या कथा बहुतेक त्या प्रचारकांनी स्वतःच लिहिलेल्या आहेत. वेस्लीने 1778 मध्ये मासिक काढले आणि आपापली जीवनकथा लिहून द्या असे त्यांना सांगितले. एकोणिसाव्या शतकात टॉमस जॅक्सनने त्या एकत्र करून ग्रंथरूपाने छापल्या. मजुरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली एवढी चरित्रे त्या शतकातून क्वचितच उरली असतील. त्यांत स्वप्ने आहेत, सैतानाची भीती आहे, आजच्या वाचकाला अवघड वाटेल असे पुष्कळ आहे, तेही गाळलेले नाही. वाचकांना एकच विनंती, क्रमाने वाचू नका. आधी जॉन नेल्सनची कथा काढा. ब्रॅडफर्डच्या कोठडीचे पान आले की थोडे थांबा आणि मग पुढे जा.